ज्युबिलीच्या रात्री गणेशखिंडीत

हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री अभ्यासाला बसावं आणि वारा नेमका खाडीकडून फिरावा... त्या वासाची ओळख देवनारच्या पोरांना करून द्यायला नको. पहिल्या सेमिस्टरला नाकाला रुमाल, दुसऱ्या सेमिस्टरपासून सवय. डम्पिंग ग्राउंड नेमकं आपल्याच उशाला का आलं, हा प्रश्न मला तीन वर्षांत कधी पडला नव्हता. पडला तो परीक्षेच्या आदल्या रात्री, म्हणजे ज्या रात्री सिलॅबस सोडून जगातला प्रत्येक विषय इंटरेस्टिंग वाटतो.

उत्तर प्लेगमध्ये सापडलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरायला लागली, आणि शहराची घाण बेटाच्या बाहेर न्यायला हवी हे म्युनिसिपालिटीला कळून चुकलं. तेव्हा देवनारची दलदलीची जमीन त्या कामाला घेतली गेली. आपली कुर्ला-चेंबूर लाइनसुद्धा आधी टाकली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना घेऊन लोकल तिच्यावरून धावायला लागली १९२४ पासून. म्हणजे गोवंडी स्टेशनात उतरणारे आपण सगळे या मार्गावरचे दुसऱ्या नंबरचे प्रवासी!

पण हा लेख डम्पिंगवर नाही. त्याच प्लेगचा माग काढत मी मुंबईहून पुण्याला पोचलो, आणि तिथे एक माणूस भेटला. नाव सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात. चिंचवडच्या चौकात त्याचा आणि त्याच्या भावांचा पुतळा आहे. दामोदर हरी चापेकर. रँडला मारलं, फाशी गेले. संपलं. मलाही एवढंच माहीत होतं. ज्या रात्री मारलं ती रात्र कसली होती, तीच का निवडली, आणि मारणारा माणूस मुळात होता कसा, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ती रात्र होती २२ जून १८९७ ची. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली, त्या हीरकमहोत्सवाची.

आता राणीच्या वाढदिवसांचं आणि राज्यारोहणाच्या दिवसांचं हे प्रकरण जरा समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. साम्राज्य नुसत्या बंदुकीवर चालत नाही. मूठभर गोरे साहेब एवढा मोठा देश सांभाळतात तेव्हा लोकांच्या मनावर दरारा बसवायला काहीतरी दिसायला लागतं. म्हणून दरबार, तोफांची सलामी, रोषणाई, पदव्या, शाळांतून मिठाई. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. दक्षिणेत आणि आपल्याकडे दख्खनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ चालू होता. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताच्या पांढऱ्या कपड्यांत गेले होते. हिरे-माणकं घातलेल्या राजेरजवाड्यांत हा एक साधा पोशाख. मला तो प्रसंग फार आवडतो.

मग १८८७ चा सुवर्णमहोत्सव. त्या निमित्ताने बोरीबंदरच्या नव्या स्टेशनला राणीचं नाव दिलं, ते व्हीटी झालं. त्याच निमित्ताने मुंबईत तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली: व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. होय, आपण जिथे फेस्टिव्हलला जातो आणि क्वचित जिंकूनही येतो ते व्हीजेटीआय! त्यातला जे हा मूळचा ज्युबिलीचा. भायखळ्याला सुरू झालेली संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला आली आणि १९९७ मध्ये तिचं नाव वीरमाता जिजाबाई झालं. आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे टी-शर्ट बदलावे लागले नाहीत. थट्टा बाजूला ठेवू. या महोत्सवातून काही चांगलं उभं राहिलं हे नाकारण्यात अर्थ नाही. गिरण्यांना हाताखाली शिकलेली माणसं हवी होती, देणग्या द्यायला शेठ लोक तयार होते, आणि राणीचं नाव लावलं की सरकारी दरवाजे उघडत होते. असा सगळा हिशोब होता.

दहा वर्षांनी हीरकमहोत्सव आला तेव्हा हिशोब बिघडलेला होता.

दामोदरचा जन्म चिंचवडचा, १८६९ सालचा. मूळ घराणं कोकणातलं, एके काळी खाऊनपिऊन सुखी, पण आजोबांच्या काळात पैसा गेला आणि एकत्र कुटुंब विस्कटलं. वडील हरी विनायक कीर्तनकार झाले. आज कीर्तनकाराला मान आहे, पण तेव्हाच्या भाऊबंदांना हरदासाचं काम कमीपणाचं वाटायचं. लोकांच्या दारी जाऊन बिदागी घ्यायची, मग ती देवाच्या नावाने का असेना. साथीला माणसं ठेवायला पैसे नाहीत, म्हणून वडिलांनी मुलांनाच साथीला घेतलं. दामोदर थोरला, मग बाळकृष्ण, मग वासुदेव. गावोगाव फिरताना पोरांनी वाद्यं वाजवायची, मागे उभं राहून धृपद धरायचं. शाळा मध्येच सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची.

शिक्षण झालं नाही असं म्हणवत नाही. रोज रात्री पुराणातल्या आणि इतिहासातल्या गोष्टी कानावर, त्याही रंगवून सांगितलेल्या. राक्षस मातला की कोणीतरी उठतो आणि त्याला मारतो, हे त्या गोष्टींचं सूत्र. गणित नाही, इंग्रजी जेमतेम, पण हे सूत्र पक्कं. माझ्या मते पुढचं अर्धं आयुष्य इथेच ठरलं.

दामोदरला खरं तर सैनिक व्हायचं होतं. इंग्रजांच्याच फौजेत! त्याने भरतीसाठी खटपट केली. पण सरकारचा चित्पावन ब्राह्मणांवर पेशवाईपासूनचा राग आणि संशय होता, त्यांना फौजेत घेत नसत. नकार आला. हा नकार त्याच्या मनात खोल गेला असला पाहिजे. कारण त्यानंतर त्याने स्वतःचीच छोटी फौज काढली. पुण्यातली पोरं गोळा केली, व्यायाम, धावणं, गोफण फेकणं, मारामारीची तालीम. कोणाच्या हाती खरं शस्त्र असं काही नव्हतं. शाळकरी पोरांचा क्लब म्हणून कोणी हसलंही असेल.

या क्लबचं काम काय होतं हे सांगताना चरित्र लिहिणारे बऱ्याचदा घाईत पुढे जातात. मी जाणार नाही. चापेकरांचा राग फक्त इंग्रजांवर नव्हता. सुधारक, ख्रिस्ती झालेले, मुसलमान, काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवणारे, सगळे त्यांच्या यादीत होते. अंधारात गाठून काही जणांना त्यांनी मारहाणही केली. धर्मावरची विघ्नं दूर करायची हे त्यांच्या मंडळाचं ब्रीद होतं, आणि धर्म म्हणजे त्यांच्या डोळ्यापुढे कर्मठ, जुना, तसूभरही न हलणारा धर्म. बाईने शिकावं, विधवेने लग्न करावं, जात मोडावी, यातलं काहीही त्याला चाललं नसतं. तुरुंगात त्याने स्वतःचं आत्मवृत्त लिहून ठेवलं, ते पुढे छापलं गेलं. त्यात त्याने यातलं काही लपवलेलं नाही. उलट अभिमानाने सांगितलं आहे. माणूस निदान खोटा नव्हता.

१८९६ च्या ऑक्टोबरात हे भाऊ मुंबईत होते. तेव्हा फोर्टात एस्प्लनेडवर राणीचा संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिलेला, १८७२ मध्ये उभारलेला, वर नक्षीदार छत्री, मुंबईची शान. एका रात्री दामोदर आणि बाळकृष्ण यांनी राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. सकाळी शहरात एकच बोभाटा. पोलिसांनी जंग जंग पछाडलं, कोणी सापडलं नाही.

इथे केमिकलवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. संगमरवरात मुरलेलं डांबर काढणार कसं? खरवडलं तर चेहरा जातो, तेजाब लावलं तर दगडच खातो. बरेच जण हरले. शेवटी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या गुजराती रसायनशास्त्रज्ञाने ते डाग काढून दाखवले आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. एका रात्रीच्या कृत्याने एका देशी शास्त्रज्ञाची कीर्ती झाली! दामोदरला हे कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या होत्या, आणि दोन्ही एकाच महिन्यातल्या. सप्टेंबर १८९६ मध्ये व्हिक्टोरियाने तिच्या आजोबांचा, तिसऱ्या जॉर्जचा, सर्वात जास्त वर्षं राज्य करण्याचा विक्रम मोडला. लोकांना लगेच साजरा करायचा होता, पण राणीने सांगितलं की पुढच्या जूनमध्ये साठ वर्षं पुरी होतील तेव्हाच काय ते करा. आणि त्याच सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांना एका रोग्याच्या अंगावर प्लेगची गाठ दिसली. तिकडे समारंभाची तयारी सुरू झाली, इकडे प्लेगची.

वर्ष संपेपर्यंत प्लेग पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. हा कायदा ऐकल्यासारखा वाटतो ना? मार्च २०२० मध्ये देशभर हॉस्टेलं रिकामी झाली, राज्यांनी लोकांना घरात बसवलं, ते याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेऊन. तेव्हा आपल्याला ऑनलाइन लेक्चरं होती. १८९७ च्या पुण्याला काय होतं ते बघा.

पुण्यात प्लेग कमिटी नेमली आणि अध्यक्ष केला वॉल्टर चार्ल्स रँड. हा सातारा जिल्ह्यातला असिस्टंट कलेक्टर, कडक म्हणून आधीच नाव झालेला. १३ मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या पेठांतून घराघरांत शिरायला लागल्या. जवळपास नऊशे अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. रोगी लपवलेला आहे का ते बघायचं, सापडला तर इस्पितळात, घरच्यांना सेग्रेगेशन कॅम्पात, सामानसुमान जाळायचं नाहीतर औषधाने धुवायचं, जमीन खणायची. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे तपासायचं, बायामाणसांचंसुद्धा. बूट घालून देवघरात आणि चुलीपाशी जायचं. तक्रार केली तर ऐकणारा तोच.

एक बाजू सांगायला हवी. साथ रोखायला काहीतरी करणं भाग होतं, आणि रँडच्या कमिटीला आपण लोकांचा जीव वाचवतो आहोत असंच वाटत होतं. पण प्लेग पसरवतात उंदरांच्या अंगावरच्या पिसवा, हे तेव्हा कळलेलंच नव्हतं. ते सीमाँड या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ मध्ये. तेव्हा गाद्या-गोधड्या जाळून, भांडी फेकून नेमका किती प्लेग थांबला हा प्रश्नच आहे. मे महिन्यात साथ ओसरली, तपासण्या थांबल्या, कमिटीने आपलं काम झालं असं मानलं. पावसाळ्यानंतर प्लेग परत आला, आधीपेक्षा जोरात.

याच मार्चमध्ये, सोल्जर घरात शिरायच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी आणि डॉक्टर यशवंतने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. आजारी पोराला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली. दामोदर आणि सावित्रीबाई एकाच शहरात, एकाच साथीत होते. एकमेकांच्या वाऱ्यालाही ते उभे राहिले नसते. प्लेगमध्ये काय करायचं याची दोन उत्तरं एकाच पुण्यात एकाच वर्षी दिली गेली, आणि आपल्या पुस्तकांत ती दोन वेगवेगळ्या धड्यांत असतात.

आता जून. त्या महिन्यात पुण्यात दोन राजांचे उत्सव झाले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. टिळकांनी सुरू केलेला शिवाजी उत्सव प्लेगमुळे त्या वर्षी पुढे ढकलला होता. तो राज्याभिषेकाच्या तिथीला धरून १२ जूनच्या सुमारास झाला. व्याख्यानं झाली, अफझलखानाच्या वधावर चर्चा झाली, टिळकही बोलले, आणि १५ तारखेच्या केसरीत ते छापून आलं. दहा दिवसांनी राणीचा महोत्सव. एक उत्सव सांगत होता की आमचाही एक छत्रपती होता. दुसरा सांगत होता की आता सम्राज्ञी ही. सरकारला पहिल्याची भीती दुसऱ्यामुळेच वाटायला लागली असं माझं मत आहे.

दामोदरला मात्र व्याख्यानांचा कंटाळा होता. शिवाजीच्या गोष्टी सांगत बसणाऱ्यांपेक्षा तसं काहीतरी करणाऱ्याला तो मानत होता. टिळकांचा उत्सवही त्याला मिळमिळीत वाटायचा.

२२ जून, मंगळवार. लंडनमध्ये सकाळी राजवाड्यातून निघण्याआधी राणीने विजेचं एक बटण दाबलं आणि तारायंत्रातून तिचा संदेश सगळ्या साम्राज्यभर गेला. त्या काळातलं हे टेलिकॉम! समुद्राखालच्या केबल्स टाकून पृथ्वीला वेढा घातलेला होता, त्याचा एवढा थाटाचा डेमो दुसरा झाला नसेल. मग मिरवणूक. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, हिंदुस्थान, सगळीकडची पथकं, आपले घोडेस्वार राणीच्या गाडीबरोबर. राणी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाय चालेनात, म्हणून सेंट पॉलच्या पायऱ्यांसमोर गाडीत बसूनच प्रार्थना झाली. पुण्यात तेव्हा दुपार कलली होती.

संध्याकाळी पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नर सँडहर्स्टच्या बंगल्यावर मेजवानी. टेकड्यांवर जाळ पेटवलेले, शोभेची दारू, बघायला लोकांची ही गर्दी. ज्या शहराने तीन महिन्यांपूर्वी आपली अंथरुणं रस्त्यात जळताना पाहिली, त्याला आता टेकडीवरची आतषबाजी दाखवली जात होती.

चापेकर बंधूंनी रँडवर बरेच दिवस पाळत ठेवली होती. हीच रात्र निवडली त्याला दोन कारणं. एक सरळ, व्यवहाराचं: रँड नक्की येणार, ठरलेल्या रस्त्याने येणार, आणि रात्री परतणार. दुसरं मनाचं. राणीच्या गळ्यात जोडे घालणाऱ्याला राणीच्या उत्सवाचा दिवस सोडवणार कसा? तोंडाला फासलेलं डांबर धुऊन निघालं होतं. हे धुतलं जाणार नव्हतं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला रँडची गाडी बंगल्याकडे गेली तेव्हा त्यांनी ओळखून ठेवली. गर्दी फार होती म्हणून परतीच्या वेळी काम करायचं ठरलं. बरोबर आणलेल्या तलवारी अवजड व्हायला लागल्या, त्या एका मोरीखाली ठेवून दिल्या. मध्यरात्र उलटल्यावर गाड्या परतायला लागल्या. खुणेचा शब्द होता गोंद्या. रँडची गाडी ठरलेल्या पिवळ्या बंगल्यापाशी आली, दामोदर मागून धावत गेला, मागचा पडदा वर करून त्याने गोळी झाडली. बाळकृष्ण थोडा मागे राहिला होता. मागच्या गाडीतली माणसं कुजबुजताहेत, त्यांना संशय आला असं त्याला वाटलं, आणि त्याने त्या गाडीत गोळी झाडली. त्यात लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. शेजारी त्याची बायको बसली होती.

हा आयर्स्ट मारायचा नव्हता. इथे थोडं थांबायला हवं. पुस्तकातल्या दोन ओळींत आयर्स्टचं नाव येतं ते रँडला जोडून, जणू जोडशब्द असावा तसं. पण तो एका गैरसमजातून मेला. अंधार, धावपळ, घाबरलेला भाऊ. दामोदर दिवसेंदिवस ज्या क्षणाची वाट बघत होता तो क्षण प्रत्यक्षात असा आला. रँड लगेच मेला नाही. अकरा दिवस ससून इस्पितळात होता, ३ जुलैला गेला.

मग सरकारचा राग निघाला. पुण्यावर जादा पोलीस बसवले, खर्च पुणेकरांवर. नातू सरदार बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबलं. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहासाठी पकडलं, शिवाजी उत्सवातल्या मजकुरावरून. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. बहुमताने दीड वर्षाची शिक्षा. विलायतेत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल जे सांगितलं होतं ते परत आल्यावर पुराव्याअभावी मागे घेऊन माफी मागावी लागली. पत्र पाठवणारे पुणेकर ऐन वेळी गप्प बसले. गोखल्यांसारख्या माणसाला ती माफी आयुष्यभर डाचली असेल.

खुन्यांचा पत्ता देणाऱ्याला वीस हजार रुपये बक्षीस लागलं. तेव्हाचे वीस हजार! द्रविड नावाच्या दोन भावांनी, जे चापेकरांच्याच ओळखीतले, पोलिसांना धागा दिला. दामोदर पकडला गेला आणि ऑक्टोबरात त्याने कबुली दिली. त्याच कबुलीत त्याने राणीच्या पुतळ्याचीही गोष्ट सांगून टाकली, जी कोणी विचारलीही नसती. मला वाटतं त्याला ती श्रेयाच्या यादीत हवीच होती. बाळकृष्ण तोवर निजामाच्या मुलखात निसटला होता.

फेब्रुवारी १८९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. येरवड्याला तेव्हा टिळकही कैदेत होते. ज्यांचा उत्सव त्याला मिळमिळीत वाटायचा त्याच टिळकांनी त्याच्या अर्जाच्या कामात मदत केली आणि आपली गीतेची प्रत त्याला दिली असं सांगतात. १८ एप्रिल १८९८ ला सकाळी ती गीता हातात घेऊन तो फासावर गेला. वय अठ्ठावीस.

पुढच्या वर्षी ८ फेब्रुवारीला धाकट्या वासुदेवाने मित्र महादेव रानडे याला बरोबर घेऊन द्रविड बंधूंना घरातून बाहेर बोलावलं आणि गोळ्या घातल्या. बाळकृष्णही तोवर सापडला होता. मे १८९९ मध्ये पाच दिवसांत तीन फाशा झाल्या: ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. त्यांच्यातला शाळकरी पोरगा खंडो साठे वय लहान म्हणून दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर सुटला. हरिपंत चापेकरांचे तिन्ही मुलगे गेले, घरात तिन्ही सुना विधवा राहिल्या. ज्या जुन्या धर्मासाठी दामोदर लढला त्यात विधवेचं जिणं कसं असतं ते वेगळं सांगायला नको. आणि ते बदलायला निघालेल्यांना तो शत्रू मानत होता.

भगूरमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सावरकरांनी चापेकरांची बातमी वाचून शपथ घेतली, हे पुढचं प्रकरण.

मी दामोदरला काय म्हणू, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. रूममेट म्हणतो, हुतात्मा म्हण आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो, आजच्या भाषेत वेगळंच नाव पडेल. मला दोन्ही घाईचं वाटतं. घरात बूट घालून शिरलेल्या सत्तेला उत्तर द्यायची दुसरी वाट त्याच्यासमोर होती का? अर्ज करून गोखल्यांना माफी मागावी लागली, लिहून टिळक तुरुंगात गेले. आणि तरीही ज्याला तो धर्म समजत होता त्याचं राज्य आलं असतं तर आपल्या बॅचमधली अर्धी मुलं-मुली इंजिनीयरिंगला आलीच नसती. दोन्ही खरं आहे.

गणेशखिंडीतला तो गव्हर्नरचा बंगला अजून उभा आहे. १९४९ पासून तिथे पुणे विद्यापीठ आहे, तो उंच मनोरा फोटोत आपण पाहिलेला असतो. २०१४ मध्ये विद्यापीठाला नाव दिलं सावित्रीबाई फुल्यांचं.

आणि राणीचा पुतळा? भायखळ्याला राणीच्या बागेत पेंग्विन बघायला आपण गेलो होतो, त्याच्या शेजारीच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे. त्याच्या आवारात, शहरातून हलवलेल्या साहेबांच्या पुतळ्यांच्या घोळक्यात, ती बसलेली आहे. आमच्यातल्या एकाने तिच्या पायथ्याशी बसून वडापाव खाल्ला. तेव्हा ती कोण हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी जाल तर गालावर डांबराचा एखादा डाग राहिलाय का बघा. गज्जरांचं काम फार चोख होतं म्हणतात.